आघाडीच्या फळींतील गोमंतकीय भगिनी

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत काय असावें ह्याचा एक ठरीव शिरस्ता आहे. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरू आले व गेले, किती बाप्तिस्मे झाले, किती लग्नें लागलीं, हें सर्व तींत यावें, व तें आलेंच पाहिजे. ह्या पुस्तिकेंतही तें सर्व इतर लेखकांनीं आपापल्या अधिकारानें लिहिलें आहे. आमच्या वांट्यास मात्र खेळाचा विषय आला. आणि लिहावयास बसलों तेव्हां एक लहानशी गोष्ट आमच्या मनास बोचूं लागली. तीच प्रथम सांगतों.

ज्युबिलीनिमित्त क्रीडादिन ठरविण्यासाठीं समितीची बैठक भरली होती. मुलांसाठीं फुटबॉलचे सामने, पुरुषांसाठीं रस्सीखेंच, मुलींसाठीं लिंबू-चमचा व संगीत खुर्ची, आणि मातृवर्गाकडे चहाफराळाची व्यवस्था, असा कार्यक्रम एकमतानें मंजूर झाला. मंजूर करणाऱ्यांत आम्हीही होतों. बैठक उठतां उठतां बाराएक वर्षांची एक मुलगी दारांतून डोकावली व म्हणाली, "अंकल, आमची टीम पण घेणार का? आम्ही रोज खेळतो." कोणी हंसलें, कोणी "पुढच्या वर्षी बघू" म्हणालें, आणि आम्ही, ज्यांना बोलतां येत होतें, ते गप्प राहिलों. मुलगी निघून गेली. तिच्या चपला दाराशींच राहिल्या होत्या. कारण ती मैदानांतून अनवाणीच धांवत आली होती. त्या घेण्यासाठीं ती परत आली तेव्हां तिनें आमच्याकडे पाहिलें नाहीं.

वाचकहो, आपल्या ह्या छत्रपति संभाजीनगरांत, ज्याचें औरंगाबाद हें नांव आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं अद्याप येतें, फुटबॉल हा नवा खेळ नव्हे. हिंदुस्थानांत हा खेळ मुख्यतः दोन दारांनीं आला: एक छावणीचें, दुसरें मिशनच्या शाळेचें. आपल्या शहरास हीं दोन्ही दारें आहेत. तथापि दोहोंतूनही आंत शिरले ते पुरुष व मुलगे. मुलींनीं तिसरें दार कसें शोधलें, हा इतिहास आपल्या घरांत कोणी सांगत नाहीं. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर द्यावें ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहितों. आणि उत्तरासाठीं आम्हांस फार दूर जावें लागत नाहीं. शेजारच्या गोमंतकांत, आपल्याच धर्मबांधवांच्या भूमींत, तें उभें आहे. त्याचें नांव योलांडा डिसोझा.

परंतु योलांडाबाईंच्या आधीं त्यांच्या भूमीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सन १८८३ मध्यें फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नांवाचे धर्मगुरू बार्देश तालुक्यांतील शिवोली गांवीं आले व मुलांच्या शिक्षणाचा एक भाग म्हणून त्यांनीं फुटबॉलचा खेळ सुरू केला. गोमंतकांतील फुटबॉलचा उगम येथून मानतात. पुस्तकाच्या बरोबरीनें चेंडूही मुलांस शिस्त व सहकार्य शिकवितो, हा विचार आज सर्वमान्य आहे. पण एकोणिसाव्या शतकांत एका खेडेगांवांत तो अमलांत आणणें ही दूरदृष्टीच म्हटली पाहिजे. पुढें हा खेळ तेथील मातींत असा रुजला कीं भात कापल्यावर मोकळीं झालेलीं शेतें हींच त्याचीं मैदानें बनलीं, व गांवच्या फेस्ताची शोभा सामन्यावांचून पुरी होईनाशी झाली. सन १९५९ मध्यें तेथें फुटबॉलची संघटना स्थापन झाली. सन १९६१ मध्यें पोर्तुगीज अंमल संपला. राज्य गेलें, भाषा बदलली, नाणें बदललें. चेंडू मात्र राहिला. सन २०१२ मध्यें गोवा सरकारनें फुटबॉल हा राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला.

असाच एक दाखला दूरच्या देशांतला आहे. दक्षिण अमेरिकेंत अर्जेंटिना देशाच्या राजधानींत फादर लोरेंझो मासा ह्यांनीं रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांस गाडीघोड्यांच्या धोक्यांतून काढून देवळाच्या आवारांत खेळावयास जागा दिली, व त्यांतून सन १९०८ मध्यें सान लोरेंझो हा क्लब उभा राहिला. दिवंगत पोप फ्रान्सिस हे बालपणापासून ह्याच क्लबाचे भक्त होते. फादर लायन्स व फादर मासा, दोघांनींही आवार उघडलें तें मुलग्यांसाठीं. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांचा काळच तसा होता. परंतु एकदां उघडलेलें आवार कोणासाठीं उघडें राहील हें उघडणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

स्त्रियांच्या फुटबॉलची कथा यशापासून सुरू होते व बंदीकडे जाते, ही तिची विचित्रता आहे. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडांतील पुरुष रणांगणावर गेले व बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामास लागल्या. प्रेस्टन शहरांतील डिक-कर कारखान्याच्या मुलींनीं जेवणाच्या सुटींत चेंडू खेळतां खेळतां संघच उभा केला, आणि सन १९१७ च्या नाताळच्या दिवशीं जखमी शिपायांच्या मदतीसाठीं पहिला मोठा सामना खेळला. तीन वर्षांनीं, म्हणजे २६ डिसेंबर १९२० रोजीं, लिव्हरपूल येथें त्यांचा सामना पाहण्यास सुमारें ५३,००० लोक आले, व हजारों लोकांस जागेअभावीं परत जावें लागलें. त्या दिवशीं धर्मादायासाठीं ३,००० हून अधिक पौंड जमले. ह्या संघांत लिली पार नांवाची पंधरा वर्षांची मुलगी डाव्या बाजूनें खेळत असे. तिच्या डाव्या पायाच्या फटक्याचा दरारा अजून सांगतात.

मग काय झालें? एक वर्षही पुरें लोटलें नाहीं, तों ५ डिसेंबर १९२१ रोजीं इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें हा खेळ स्त्रियांस योग्य नाहीं असें ठरवून आपल्या क्लबांचीं मैदानें त्यांना बंद केलीं. ही बंदी पन्नास वर्षें टिकली व सन १९७१ मध्यें उठली. ब्राझील देशानें सन १९४१ मध्यें कायद्यानेंच स्त्रियांस हा खेळ मना केला, तो सन १९७९ पर्यंत. पश्चिम जर्मनींत सन १९५५ पासून १९७० पर्यंत अशीच मनाई होती. ज्या ब्राझीलनें मुलींस चेंडूस पाय लावूं दिला नाहीं, त्याच देशांतील दोईस रियाशोस ह्या लहानशा गांवांत सन १९८६ मध्यें जन्मलेल्या मार्ता हिनें पुढें जागतिक चषकाच्या सामन्यांत एकंदर १७ गोल केले. दार बंद ठेवण्यानें आंतली शक्ति नाहींशी होत नाहीं. ती फक्त वाया जाते. किती मार्ता वाया गेल्या असतील ह्याचा हिशेब परमेश्वराजवळ आहे.

लिली पार मात्र थांबली नाहीं. मिळेल त्या माळरानावर ती खेळत राहिली. उपजीविकेसाठीं मनोरुग्णांच्या इस्पितळांत तिनें परिचारिकेचें काम केलें. आणि सुमारें १९५१ पर्यंत मैदान सोडलें नाहीं. सन १९७८ मध्यें ती वारली. सन २००२ मध्यें, म्हणजे मृत्यूनंतर चोवीस वर्षांनीं, इंग्लंडच्या फुटबॉल सन्मानमंदिरांत तिचें नांव घालण्यांत आलें. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री होय.

आतां आशियाकडे वळूं. सन १९६८ मध्यें आशियांतील कांहीं देशांनीं मिळून स्त्रियांच्या फुटबॉलचें एक स्वतंत्र महामंडळ स्थापन केलें. पुरुषांच्या महामंडळांत तें विलीन झालें सन १९८६ मध्यें. ह्या मंडळाची पहिली अजिंक्यपद स्पर्धा सन १९७५ मध्यें हाँगकाँग येथें झाली व ती न्यूझीलंडनें जिंकली. मधल्या काळांत, सन १९७१ मध्यें, मेक्सिको देशाच्या राजधानींत एक बिनसरकारी जागतिक स्पर्धा भरली होती. तिच्या अंतिम सामन्यास एक लाखाहून अधिक प्रेक्षक होते. डेन्मार्कनें यजमानांस ३ विरुद्ध ० गोलांनीं हरविलें, व ते तिन्ही गोल सुसान आउगुस्टेसन ह्या पंधरा वर्षांच्या मुलीनें केले. पंधरा वर्षांची लिली, पंधरा वर्षांची सुसान: वाचकांनीं हें वय ध्यानांत ठेवावें, कारण आपल्या घरांत ह्याच वयांत मुलीचें खेळणें बंद होतें.

हिंदुस्थानांत सन १९७५ मध्यें भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला व त्याच वर्षीं लखनौ येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. हा महासंघ पुरुषांच्या अखिल भारतीय महासंघापासून निराळा होता. त्यामुळें त्याची सत्ता अल्प, व तिजोरी तर त्याहून अल्प. भारतीय संघाचे पहिले शिक्षक कलकत्त्याचे सुशील भट्टाचार्य होत. ज्यांनीं पूर्वीं ईस्ट बेंगालसारख्या मातबर क्लबास शिकविलें होतें, त्या गृहस्थांनीं मुलींच्या संघाचा भार स्वीकारावा, ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती. बंगालमधून शांति मलिक, कुंतला घोष दस्तिदार. दक्षिणेकडून चित्रा गंगाधरन. आणि गोमंतकांतून योलांडा डिसोझा: अशी ही पहिली पिढी. आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १७ डिसेंबर १९७७ रोजीं झाली. म्हणजे ज्या दिवसांत येथें आपले वडील नवीन धर्मप्रांताचा उत्सव करीत होते, त्याच दिवसांत ह्या मुली पायांत बूट घालून मैदानांत उतरल्या होत्या. आपल्या कानांवर तें आलें नाहीं, इतकेंच.

योलांडाबाईंचें नांव बार्देश तालुक्यांतील कळंगुट गांवाशीं जोडलेलें आहे. फादर लायन्स ज्या शिवोलीस आले तोही बार्देश तालुकाच. धर्मगुरूनें मुलग्यांसाठीं आणलेला चेंडू सुमारें शंभर वर्षें त्या तालुक्यांत फिरत राहिला, आणि शेवटीं एका मुलीच्या पायीं येऊन थेट देशाच्या संघापर्यंत गेला. ह्यांत ईश्वरी योजना पाहणाऱ्यास ती दिसेल. न पाहणाऱ्यासही निदान इतकें दिसेल कीं पेरणाऱ्यास आपल्या पिकाची पुरी कल्पना कधींच नसते.

संघांत त्यांची जागा आघाडीवर होती. त्या जागेस तेव्हां सेंटर फॉरवर्ड म्हणत. आतां स्ट्रायकर म्हणतात. आमच्या भगिनीवर्गापैकीं पुष्कळांस ह्या जागेचें मर्म ठाऊक नसेल, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों.

अकरा जणींपैकीं दहा जणींचें तोंड बहुधा शत्रूच्या गोलाकडे असतें. आघाडीच्या खेळाडूची मात्र पुष्कळदां त्याकडे पाठ असते. चेंडू मागून येतो. पाठीशीं प्रतिपक्षाची बचावपटू अंगास अंग लावून उभी असते. आणि एका स्पर्शांत चेंडू थांबवून, वळून, फटका मारावयाचा असतो. विचारास वेळ नसतो. विचार आधींच, चेंडू येण्यापूर्वीं, झालेला असावा लागतो. त्यावर पुन्हां ऑफसाइडचा नियम. साथीदारानें चेंडू पुढें मारला त्या क्षणीं तुम्ही प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढें असतां कामा नये. आज तिच्या बरोबरींत असलें तरी चालतें. परंतु ही सवलत सन १९९० मध्यें आली. योलांडाबाईंच्या काळीं बरोबरींत असणेंही दोषच होता. म्हणजे पाऊलभर मागें राहावयाचें व तरीही सर्वांच्या आधीं पोंचावयाचें! अर्धा क्षण लवकर निघाल्यास शिटी वाजते. अर्धा क्षण उशीर झाल्यास चेंडू जातो.

ह्याहून कठीण गोष्ट म्हणजे एकटेपणा. सगळा संघ मागें झुंजत असतां ही पुढें एकटी वाट पाहत राहते. कधीं पाऊण तासांत तिच्या पायांस चेंडू दोनदांच लागतो. ती संधि साधली तर सर्व जयजयकार तिचा; हुकली तर सर्व दोषही तिचाच. गोलरक्षिकेची चूक लोक विसरतात. आघाडीची हुकलेली संधि विसरत नाहींत. म्हणून ह्या जागेवर नुसतीं चपळ पावलें पुरत नाहींत. नऊ वेळां हुकल्यावर दहाव्या वेळीं पुन्हां त्याच जागीं जाऊन उभें राहण्याची छाती लागते. ज्या समाजांत मुलीस पहिल्या चुकीलाच "बस झालें, घरीं चल" असें सांगतात, त्या समाजांत ही छाती मुलींत कोठून यावी? आणि ती ज्यांच्यांत आली त्यांचें मोल किती समजावें?

सन १९८० च्या जानेवारींत आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा मलबारांत कालिकत येथें झाली. सन १४९८ मध्यें ज्या किनाऱ्यावर वास्को द गामा उतरला, तोच हा किनारा. गोमंतकाहून कालिकतला समुद्रकांठानें जाणारी रेल्वे तेव्हां नव्हती. कोंकण रेल्वे पुरी झाली ती सन १९९८ मध्यें. स्पर्धेंत तैवान, हाँगकाँग, फिलिपाइन्स व पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील संघ आले होते; आणि यजमान ह्या नात्यानें हिंदुस्थाननें एक सोडून दोन संघ उतरविले, एक उत्तरेचा व एक दक्षिणेचा. राष्ट्रीय स्पर्धा सुरू होऊन पांचच वर्षें झालेल्या देशास दोन संघ भरतील इतक्या मुली सांपडाव्या, ह्याचें आम्हांस फार कौतुक वाटतें. "मुली खेळावयास येत नाहींत" हें जें आम्ही पुरुष वारंवार म्हणतों, त्यास ह्याहून चोख उत्तर कोणतें?

त्यांपैकीं दक्षिणेचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. समोर तैवान. हा संघ १९७७ सालचा विजेता होता, व पुढें १९८१ सालींही तोच जिंकला. त्या काळीं आशियांत त्यास तोड नव्हती. हिंदुस्थान २ विरुद्ध ० गोलांनीं हरला व उपविजेता ठरला. आशियांतला दुसरा क्रमांक! योलांडाबाई ह्या उपविजेत्या पिढीच्या आघाडीच्या खेळाडू होत. पुढच्या वर्षीं हाँगकाँग येथें हिंदुस्थाननें तिसरा क्रमांक मिळविला, व सन १९८३ मध्यें बँकॉक येथें पुन्हां उपविजेतेपद. त्या वेळीं थायलंडकडून ३ विरुद्ध ० अशी हार झाली. त्याच १९८३ सालचा अर्जुन पुरस्कार शांति मलिक ह्यांस देण्यांत आला. फुटबॉलसाठीं तो मिळविणारी ही पहिली भारतीय स्त्री.

चार वर्षांत दोनदां दुसरे व एकदां तिसरे! आपल्या पुरुषांच्या संघाच्या वांट्यास असें सलग यश त्यानंतर आलें नाहीं. असें असतां ह्या मुलींचीं नांवें शाळेच्या पुस्तकांत कां नाहींत? आम्हांस असें दिसतें कीं, त्यांचा महासंघ निराळा व दुबळा; त्यांना नोकऱ्या देणारीं खातीं थोडीं; सामन्यांची वार्ता छापणारीं पत्रें त्याहून थोडीं. सन १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत हा कारभार अखिल भारतीय महासंघाकडे गेला; तरी दिवस लगेच पालटले नाहींत. सन २००९ मध्यें तर अशी स्थिति आली कीं दीर्घ काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळें भारताच्या महिला संघाचें नांव जागतिक क्रमवारींतून वगळलें गेलें. जो देश आशियांत दुसरा होता, त्याचें नांव यादींतच नाहीं! हा पराभव मैदानांतला नव्हे. मैदानांत ह्या मुली हरल्या तेव्हां ताठ मानेनें हरल्या. हा पराभव कचेऱ्यांचा, समित्यांचा, आणि "पुढच्या वर्षी बघू" असें म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांचा होय.

खेळ संपल्यावर योलांडाबाईंनीं काय केलें? त्यांनीं हातीं कुंचला घेतला. पुढें योलांडा द सोझा कामरमायर ह्या नांवानें त्या चित्रकार म्हणून ओळखल्या जाऊं लागल्या, व कळंगुट येथें आर्ट चेंबर नांवाचें कलादालन त्यांनीं उभें केलें. पायांनीं नांव मिळविलेल्या स्त्रीनें हातांनीं दुसरें नांव मिळवावें, ह्यांत आम्हांस मोठा बोध दिसतो. मुलीस खेळूं दिलें तर ती "वाया जाईल", दुसऱ्या कशाच्याही कामाची राहणार नाहीं, ही भीति आमच्या कित्येक मातापित्यांच्या मनांत घर करून आहे. येथें तर उलट दिसतें. मोकळी जागा पाहण्याची जी दृष्टि आघाडीच्या खेळाडूस लागते, तीच कोऱ्या पटापुढें बसलेल्या चित्रकारासही लागते. खेळानें माणूस अपुरा होत नाहीं. तो अधिक पुरा होतो.

आतां गेल्या कांहीं वर्षांकडे पाहूं. सन २०१० पासून दक्षिण आशियाई अजिंक्यपदाच्या पहिल्या पांचही स्पर्धा भारताच्या मुलींनीं जिंकल्या. सन २०२० च्या जानेवारींत मणिपूरच्या बाला देवी ह्यांनीं स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबाशीं करार केला. परदेशांत व्यावसायिक करार मिळविणारी ही पहिली भारतीय स्त्री, आणि तीही आघाडीचीच खेळाडू. सन २०२१ मध्यें पंजाबच्या मनीषा कल्याण हिनें खुद्द ब्राझीलविरुद्ध त्यांच्याच देशांत गोल केला. सामना ६ विरुद्ध १ असा गेला. पण ज्यांनीं तो एक गोल पाहिला ते सहा विसरले असतील.

आणि आपल्या महाराष्ट्रांत? सन २०२२ च्या जानेवारींत आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई व पुणें येथें भरला. बेचाळीस वर्षांनीं स्पर्धा पुन्हां भारतांत आली होती. २३ जानेवारी रोजीं नवी मुंबईंत भारताची गांठ कोणाशीं पडावयाची होती? त्याच तैवानशीं, ज्यानें कालिकतला आपणांस हरविलें होतें. परंतु संघांत कोविडची सांथ शिरली, खेळण्यास पुरेशा मुली राहिल्या नाहींत, सामना झालाच नाहीं, व यजमानांस स्पर्धेबाहेर जावें लागलें. ज्यांनीं वर्षभर घाम गाळला त्या मुलींनीं खोलींत कोंडून घेऊन ही वार्ता ऐकली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सतरा वर्षांखालील मुलींचा जागतिक चषक भारतांत झाला; त्याचे दोन्ही उपांत्य सामने गोमंतकांत मडगांवच्या फातोर्डा मैदानावर, व अंतिम सामना नवी मुंबईंत. आपल्या मुली तिन्ही सामने हरल्या. तरीही ५ जुलै २०२५ रोजीं थायलंडांत, यजमान थायलंडचाच २ विरुद्ध १ असा पराभव करून, भारतानें सन २०२६ च्या आशियाई चषकांत स्थान मिळविलें. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोर हिचे. पात्रता फेरी जिंकून हें स्थान मिळविण्याची ही पहिलीच वेळ. सन १९८३ च्या बँकॉकची परतफेड करण्यास बेचाळीस वर्षें लागलीं. पण ती झाली.

कोणी म्हणतील, हें सर्व ठीक. पण देवळाच्या ज्युबिलींत ह्याचें काय प्रयोजन? त्यांस आमचें नम्र उत्तर असें: संत पौलानें ख्रिस्ती जीवनास मैदानांतील शर्यतीची उपमा दिली, ती धांवणाऱ्यास कमी लेखून नव्हे. आणि सन २०१९ मध्यें खुद्द व्हॅटिकनमध्यें स्त्रियांचा फुटबॉल संघ तयार झाला. रोमा क्लबाच्या मुलींकडून तो १० विरुद्ध ० असा हरला, तरी खेळला. व्हॅटिकनच्या आवारांत जें शोभतें तें आमच्या आवारांत न शोभण्याचें कारण आम्हांस सांपडत नाहीं. मर्यादेचा प्रश्न कोणी काढील, तर मर्यादा ही पोशाखांत व वागणुकींत पाळावयाची असते. ती पाळून जगभर मुली खेळत आहेत. लग्नाचा प्रश्न कोणी काढील, तर सशक्त शरीर व खंबीर मन हें सासरीं उपयोगीं पडत नाहीं असें कोणत्या सासूनें सांगितलें?

हा लेख लिहून होईपर्यंत आम्हीं स्वस्थ बसावें हें बरें नव्हतें. म्हणून समितीपुढें विषय पुन्हां मांडला. चर्चा झाली, थोडी खडाजंगीही झाली. शेवटीं ठरलें तें इतकेंच: सकाळीं मुलांच्या अंतिम सामन्यापूर्वीं अर्धा तास मैदान मुलींस द्यावें. अर्धा तास म्हणजे फार नव्हे. परंतु स्त्रियांच्या पहिल्या अधिकृत जागतिक चषकांतही, सन १९९१ मध्यें, नव्वदाऐवजीं ऐंशीच मिनिटांचा सामना खेळवीत; जणूं शेवटचीं दहा मिनिटें त्यांस झेपलीं नसतीं. तीं दहा मिनिटें त्यांनीं पुढें मिळविलीं. आमच्या मुलीही उरलेला तास मिळवितील ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

त्या मुलीस आम्हीं निरोप पाठविला आहे. चहाफराळाची व्यवस्था त्या दिवशीं पुरुषांनीं पाहावी, म्हणजे मातृवर्गास मैदानाच्या कडेला बसून आपल्या मुलींचा खेळ पाहतां येईल, अशी आमची विनंति आहे. कळंगुटच्या भगिनीस व तिच्या पिढीस आम्ही ह्या ज्युबिलीच्या पानांतून उशिराचा पण मनःपूर्वक नमस्कार करतों. आणि आमच्या आवारांत जी मुलगी आघाडीवर उभी राहील तिला परमेश्वरानें दहाव्यांदा पुन्हां त्याच जागीं जाऊन उभें राहण्याची छाती द्यावी, एवढें मागून लेखणी खालीं ठेवतों.